एकत्र भाड्याने राहणाऱ्यांचा कागद ग्रामसभेने करून घ्यावा : सरपंच, ग्रामसभा आणि घरमालक यांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामसभेचे सर्व सदस्य, तंटामुक्त गाव समित्यांचे पदाधिकारी आणि घरमालक,
वैनगंगेच्या खोऱ्यातील ग्रामपंचायती.

विषय : एका घरात एकत्र भाड्याने राहणाऱ्यांचे हक्क, भाड्याची जबाबदारी आणि त्याविषयी ग्रामसभेने करावयाचा ठराव.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी तहसील कार्यालयाच्या आवारात अर्ज लिहून देणारी अर्जनवीस आहे. उत्पन्नाचा दाखला, फेरफार, वारसनोंद, पीक नुकसानीची तक्रार असे अर्ज लिहिणे हे माझे रोजचे काम. तरी दरवर्षी उन्हाळा लागला, की माझ्या टेबलासमोर वेगळीच माणसे येऊन उभी राहतात. परीक्षा संपलेल्या मुली, कंत्राटाची मुदत संपलेल्या परिचारिका, काम आटोपलेले गवंडी, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे घरमालक. प्रश्न बहुधा एकच असतो : खोलीत चौघे राहत होते, एक निघून गेला, आता त्याच्या वाट्याचा किराया कोणी द्यायचा? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. मात्र ते उत्तर उपयोगी पडण्यासाठी जो साधा कागद आधी लिहिलेला असावा लागतो, तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. तो कागद करून घेण्याचे काम ग्रामसभेने अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा यांच्या आसपासच्या ज्या मोठ्या गावांत कनिष्ठ महाविद्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बँकेची शाखा आहे, तेथे घरामागच्या सांदवाडीत दोन-तीन खोल्या काढून त्या भाड्याने देणे हा शेतीचा जोडधंदा झाला आहे, आणि त्यात गैर काही नाही. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही पाऊस आणि खरेदी केंद्र यांच्या मर्जीने. खोलीचे भाडे दर महिन्याला हातात पडते. घरात विधवा सासू असेल, शेत कमी असेल, तर त्या दोन खोल्यांवर घर चालते हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र घरमालकांच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये. भाडे वेळेवर आणि पूर्ण मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि तो हक्कही आज तोंडी बोलण्यावरच उभा आहे.

दुसरीकडे, या खोल्यांत राहते कोण? आतल्या टोल्यांवरून अकरावी-बारावीसाठी आलेली मुले-मुली, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणी, कंत्राटी आरोग्यसेविका, मुख्यालयी राहण्याची सक्ती असलेले शिक्षक आणि इतर कर्मचारी, रस्त्याच्या कामावरचे मजूर, आणि वडशाकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की बाहेरगावाहून येणारे झाडीपट्टीचे कलावंत. एकट्याला पूर्ण घराचे भाडे झेपत नाही, म्हणून ही माणसे तिघे-चौघे मिळून घर घेतात. अनेकदा ती एकमेकांची नातेवाईक नसतात, एका गावची नसतात, काही वेळा तर घर घेण्याच्या दिवसापर्यंत एकमेकांना ओळखतही नसतात. तरीही त्यांची भाड्याची बाकी, विजेचे बिल, अनामत रक्कम आणि घरमालकाशी असलेले नाते एकमेकांत गुंतलेले असते.

या माणसांची सर्वांत मोठी अडचण मात्र पैशाची नाही. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावाच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. भाडेकरूचे नाव त्याच्या मूळ गावच्या यादीत असते. त्यामुळे ज्या गावात तो वर्षानुवर्षे राहतो, पाणी भरतो, किराणा घेतो, त्या गावाच्या सभेत त्याला बोलण्याचा हक्क नाही. त्याची भाऊबंदकी तेथे नाही, त्याच्या बाजूने शब्द टाकणारा कोणी नाही. वाद झाला तर तो ज्या पंचांसमोर उभा राहतो, त्यांतील निम्मे पंच स्वतः घरमालक असतात. पंच वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. अनेक गावांत त्यांनी भाडेकरूला न्याय दिलेला मी पाहिला आहे. परंतु ज्याला मत नाही, त्याचे हित जपण्याची जबाबदारी ज्यांना मत आहे त्यांच्यावर अधिक येते.

आता कायद्याकडे वळते, कारण यातच सर्वाधिक गैरसमज आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यापूर्वी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा १९४९ चा घरे भाड्याने देण्याविषयीचा आदेश चालत असे, आणि त्यात घर खाली करून घेण्यासाठी नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. जुन्या घरमालकांच्या मनात ‘भाडेकरू एकदा बसला की निघत नाही’ ही जी भीती आहे, तिचे मूळ बऱ्याच अंशी त्या काळात आहे. १९९९ च्या अधिनियमाने ती पद्धत संपवली. या अधिनियमानुसार भाड्याचा किंवा परवानगीचा (लीव्ह अँड लायसन्स) करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसे न केल्यास कराराच्या अटींविषयी भाडेकरू जे सांगेल, ते अन्यथा सिद्ध होईपर्यंत खरे मानले जाते. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. पुरेशा कारणाशिवाय वीज-पाणी तोडण्यास मनाई आहे. घराची दुरुस्ती राखणे ही घरमालकाची जबाबदारी आहे.

परंतु हा अधिनियम सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना, आणि शासन अधिसूचनेने ज्या क्षेत्रांत तो वाढवील त्यांना तो लागू होतो. अनुसूचीत मुख्यतः शहरे आहेत. ग्रामपंचायत हद्दीतील बहुतेक खोल्या त्याच्या बाहेर पडतात, आणि तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व भारतीय करार अधिनियम, १८७२ हे जुने कायदे चालतात. शहरातील नातेवाइकाने फोनवर सांगितलेला ‘कायदा’ आपल्या गावात लागू पडेलच असे नाही, हे भाडेकरूंनी आणि घरमालकांनी, दोघांनीही लक्षात ठेवावे. २०२१ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचाही दाखला काही जण देतात. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने त्यावरून स्वतःचा कायदा केल्याखेरीज त्यातील दोन महिन्यांच्या अनामत रकमेची मर्यादा कोणावर बंधनकारक होत नाही.

१८८२ च्या कायद्यात महिन्याच्या बोलीवरचे घर खाली करण्यासाठी किंवा सोडण्यासाठी १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. दुरुस्तीबाबत तो कायदा भाडेकरूला फारसा आधार देत नाही. घरमालकाने जी दुरुस्ती करण्याचे कबूल केले असेल, ती त्याने कळवूनही वाजवी वेळात केली नाही, तरच भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. म्हणजे पावसाळ्यात कवेलू कोणी फेरायचे, टिनाच्या छताची गळती कोणी बुजवायची, हे कागदावर आले नसेल, तर भाडेकरूचा हात रिकामा राहतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांतील घरांत पाणी शिरले. अशा पुरात घराचा मोठा भाग राहण्यास कायमचा निकामी झाला, तर करार संपला असे मानण्याची मुभा या कायद्याने भाडेकरूला दिली आहे. पण घर ओले झाले, सामान गेले आणि आठ दिवसांनी पुन्हा राहता आले, तर त्या महिन्याच्या भाड्याचे काय, हे दोघांनी आपसांत ठरवायचे असते. नदीकाठच्या गावांनी हे कलम आपल्या कागदात आवर्जून घालावे.

आता मूळ प्रश्न. समजा एका घराचे भाडे महिन्याला ६,००० रुपये आहे, चार मुली राहतात, प्रत्येकी १,५०० देतात. मार्चमध्ये एक मुलगी कोणाला न विचारता निघून गेली. घरमालक म्हणतो, मला ६,००० पाहिजेत. उरलेल्या तिघी म्हणतात, आम्ही आमचे ४,५०० देऊ. बरोबर कोण? घर कसे दिले होते, यावर उत्तर बदलते.

चौघींनी मिळून पूर्ण घर घेतले असेल, तर घरमालक बरोबर आहे. करार अधिनियमाचे ४३ वे कलम सांगते की अनेकांनी मिळून दिलेले वचन, वेगळे काही ठरले नसेल तर, त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्णपणे पाळून घेता येते. म्हणजे घरमालकाला ६,००० रुपये एकीकडूनही मागता येतात. मात्र त्याच कलमात दुसरी बाजू आहे. ज्याने पूर्ण रक्कम भरली, तो इतरांकडून समान वाटा वसूल करू शकतो, आणि कोणी वाटा बुडवला तर ती तूट उरलेल्यांनी समान सोसायची असते. त्या हिशेबाने तिघींना प्रत्येकी २,००० भरावे लागतील, आणि निघून गेलेल्या मुलीकडून आपले ५००-५०० मागण्याचा हक्क तिघींना राहील. घरमालकाने तिला ‘जा बाई’ म्हणून सोडून दिले, म्हणून इतर तिघी सुटत नाहीत आणि त्यांच्यापुरती तीही सुटत नाही.

खाटेनुसार किंवा माणशी भाडे ठरले असेल, प्रत्येकीने वेगळे पैसे दिले असतील आणि रिकामी जागा भरण्याचा अधिकार घरमालकाने स्वतःकडे ठेवला असेल, तर मात्र मुली बरोबर आहेत. तेथे चार स्वतंत्र करार आहेत. एकीच्या बाकीसाठी दुसरीला अडवता येत नाही. आपल्या गावांत बहुतेक व्यवहार या दोहोंच्या मधला असतो. बोलताना ‘माणशी पंधराशे’ म्हटले जाते, आणि वाद झाला की ‘घर सहा हजारांचे आहे’ म्हटले जाते. घरमालक खोटे बोलतो असे नाही. त्याच्या मनात पहिल्यापासून ६,००० असतात आणि मुलींच्या मनात १,५००. दोघांच्या मनातला आकडा पहिल्याच दिवशी कागदावर आला असता, तर उरलेला वाद उद्भवलाच नसता.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे. एक जण, बहुधा नोकरीवाला, आपल्या नावावर घर घेतो आणि मग दोघा-तिघांना आत घेतो. घरमालकाच्या दृष्टीने भाडेकरू तो एकटाच. तो भाडे गोळा करून पुढे देईनासा झाला, तर आतील माणसांनी भाडे भरलेले असूनही त्यांना घर सोडण्याची वेळ येते, कारण त्यांचा घरमालकाशी करारच नसतो. १८८२ चा कायदा, उलट काही ठरले नसेल तर, भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवू देतो. १९९९ चा अधिनियम जेथे लागू आहे तेथे करारात तशी तरतूद नसेल तर पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या नावावरच्या घरात राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने घरमालकाची लेखी संमती मागितलीच पाहिजे. परक्या गावी गेलेल्या आपल्या मुलामुलींना हे आईवडिलांनी सांगून ठेवावे.

आईवडिलांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. अकरावी-बारावीची मुले १८ वर्षांखालची असतात, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार कायद्याने करार ठरत नाही. सतरा वर्षांच्या मुलीची सही घेऊन घरमालकाला तिच्यावर भाड्याचा दावा करता येणार नाही. तेथे वडिलांची किंवा आईची सही हवी, त्यांचा पत्ता हवा, आणि मुलगी आजारी पडली तर कळवण्यासाठी त्यांचा फोनही हवा.

अनामत रकमेचा घोळ याहूनही जास्त असतो, कारण ती रक्कम हातोहात फिरते. जुनी मुलगी निघते, नवी येते. नवी मुलगी जुनीच्या हातात डिपॉझिट ठेवते, आणि घरमालकाकडे मात्र तीन वर्षांपूर्वी आलेल्या कोणाचे तरी नाव असते. घर खाली होते त्या दिवशी पैसे मागणारी मुलगी वेगळी आणि वहीतले नाव वेगळे. घरमालकाने कोणाला द्यावे? माणूस बदलला की अनामत रक्कम कोणाच्या नावावर चढली याची एक ओळ लिहून दोघींच्या आणि घरमालकाच्या सह्या घेणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. खोलीची रंगरंगोटी, फुटलेला नळ, तुटलेली कडी यांसाठी काय कापायचे, हेही आत येतानाच ठरावे. निघतानाच्या दिवशी ठरवलेली कपात नेहमी दंडासारखी वाटते.

विजेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागात मे महिन्यात कुलरशिवाय रात्र काढणे किती कठीण असते हे येथे राहणाऱ्यालाच माहीत. बहुतेक घरांत महावितरणचे मीटर एकच असते आणि खोल्यांना सबमीटर बसवलेले असते, किंवा तेही नसते. सबमीटरवर घरमालक ठरवतील तो दर लागतो, कुलरचे महिन्याचे वेगळे पैसे घेतले जातात, आणि मूळ बिल भाडेकरूला दाखवले जात नाही. घरमालकाचीही एक खरी अडचण आहे : सगळ्या खोल्यांची युनिटे एका मीटरवर येऊन बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते, आणि तो भार त्याने एकट्याने का उचलावा? यावर मला सुचलेला मार्ग असा, की महिन्याच्या मूळ बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागावी आणि येणाऱ्या दराने प्रत्येक सबमीटरची युनिटे मोजावीत. त्यात कोणालाच तोटा नाही, फक्त बिल दाराशी चिकटवावे लागेल. कुलरला पाणी लागते आणि उन्हाळ्यात बोअर आटते, हेही खरे. पाण्याच्या वेळा आणि बादल्या आधीच ठरवून लिहाव्यात. परंतु भाड्याची बाकी आहे म्हणून कोणाची वीज बंद करणे हा मार्ग असू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिनाखाली राहणाऱ्याचा पंखा बंद करणे ही वसुली नव्हे, तो छळ आहे.

त्याचप्रमाणे भाडे थकले म्हणून सामान रस्त्यावर ठेवणे, कुलूप बदलणे, सिलिंडर किंवा मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणे, याचा अधिकार कोणत्याही कायद्याने घरमालकाला स्वतःहून दिलेला नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या ६ व्या कलमानुसार, कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न आडवा येत नाही. थकलेले भाडे वसूल करण्यासाठी घरमालकाला तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. पैसे बुडाले असे त्याने मानू नये, आणि वेळ निघून गेली असे भाडेकरूनेही मानू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदत मिळते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती घेता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.

आता घरमालकांच्या मनातील त्या भीतीविषयी, जिच्यामुळे कागदच होत नाही. ‘लिहून दिले तर हा उद्या कूळ लागेल’, ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’, असे मला अनेकांनी सांगितले आहे. विदर्भात १९५८ च्या कूळ कायद्याने जमिनी कुळांकडे गेल्या, ती आठवण घराघरांत आहे. परंतु तो कायदा शेतजमिनीचा आहे. घराचे भाडे देणारा माणूस घरमालकाच्या परवानगीने राहत असतो, आणि परवानगीने राहिलेला काळ कितीही लांबला, तरी त्यातून मालकी जन्मत नाही. उलट, जो भाडेकरू म्हणून घरात आला, त्याला भाडेकरू असेपर्यंत घरमालकाची मालकी नाकारता येत नाही, असे पुरावा कायद्याचे तत्त्व आहे. आणि आपण भाडेकरू आहोत ही भाडेकरूची लेखी कबुली दुसऱ्या कोठे असणार? भाड्याच्या कागदातच ती असते. कागद नसणे ही घरमालकासाठी सुरक्षितता नाही, तो धोका आहे.

दुसरी भीती घरपट्टीची. भाडेकरूची नोंद झाली की आकारणी वाढेल, म्हणून नाव लपवले जाते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, मालकाबरोबर भोगवटादाराचा रकाना असतोच. ही नोंद केवळ राहणाऱ्यांच्या माहितीसाठी आहे, तिच्यामुळे कर वाढणार नाही, असे ग्रामसभेने स्पष्ट केले तर अर्धी भीती जाईल. काही घरमालक पोलीस ठाण्यात भाडेकरूचे आधार कार्ड जमा करतात आणि कागद झाला असे समजतात. ती माहिती सुरक्षिततेसाठी असते, तिच्यात भाडे, मुदत किंवा अनामत यांचा शब्दही नसतो. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीचा शिक्का घेतला, तरी ती नोंदणी होत नाही.

नोंदणीकृत करार महाग असतो असा समज आहे. परवानगीच्या करारावर मुद्रांक शुल्क करारकाळातील एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवून, असे काढतात. आणि ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे. वरच्या ६,००० रुपयांच्या घरासाठी ११ महिन्यांच्या कराराचे मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या घरात जाते. चौघींत वाटले तर हा खर्च एका महिन्याच्या मेसच्या डब्यापेक्षा कितीतरी कमी आहे. ज्यांना एवढेही शक्य नाही, किंवा जेथे दोन-तीन महिन्यांसाठीच राहायचे आहे, तेथे साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहिलेल्या अटीही काहीच नसण्यापेक्षा चांगल्या.

भाडेकरूंनाही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचे आहे. सुट्टीत गावी गेलो म्हणून मे-जूनचे भाडे लागू नये, हे म्हणणे टिकणारे नाही. तुमचे सामान आत आहे, कुलूप तुमचे आहे, तोवर घर तुमच्या ताब्यात आहे आणि भाडे द्यावे लागेल. अर्धे भाडे ठरवायचे असेल तर ते आधी ठरवावे. अनेक घरमालक ते मान्य करतात. आपला वाटा फोनपेने खोलीतल्या मैत्रिणीला पाठवला म्हणजे घरमालकाला पोचला असे होत नाही. तिने पुढे दिला का, हे दर महिन्याला पाहावे, आणि पैसे पाठवताना कोणत्या महिन्याचे भाडे हे सोबत लिहावे. रोख दिले तर पावती मागावी, आणि पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे घरमालकांनीही मनावर घ्यावे. निघायचे असेल तर घरमालकाला आणि सोबत्यांना, दोघांनाही, किमान महिनाभर आधी कळवावे. तुम्ही रात्रीतून बॅग भरून निघता तेव्हा बुडते ते बहुतेक वेळा घरमालकाचे पैसे नसतात. ते तुमच्याबरोबर एका ताटात जेवलेल्या मुलीच्या वडिलांच्या मजुरीचे पैसे असतात.

एक गोष्ट लिहिताना मन जड होते, पण ती टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. खोली पाहायला गेलेल्या मुलांना आजही आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग थेट जात, आणि त्यानंतर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. ज्या विदर्भात, नागपूरला, त्यांनी १९५६ साली धम्मदीक्षा दिली, त्या विदर्भातील गावांत शिकायला आलेल्या मुलीला जातीमुळे खोली नाकारली जावी, हे ग्रामसभेला शोभणारे नाही. ठरावात जातीचा, धर्माचा आणि एकट्या स्त्रीला घर न देण्याचा मुद्दा स्पष्ट शब्दांत यावा.

माझी विनंती अशी आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. आपले गाव १९९९ च्या अधिनियमाच्या क्षेत्रात येते का, हे ग्रामपंचायतीने दुय्यम निबंधक कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर फलकावर लावावे. भाड्याच्या कागदाचा एक पानाचा छापील नमुना ग्रामपंचायत कार्यालयात ठेवावा. घर एकत्र दिले की माणशी दिले, एकूण भाडे किती, कोण गेला तर त्याचा वाटा कोण भरेल, अनामत कोणाच्या नावावर किती, वीज कशी मोजायची, दुरुस्ती कोणाची, सुट्टीचे भाडे काय आणि नोटीस किती दिवसांची, एवढ्या गोष्टींना त्यात जागा असावी. ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी समित्या आहेत. या समितीसमोर भाड्याचा वाद येईल तेव्हा एक तरी भाडेकरू, शक्यतो स्त्री, ऐकणाऱ्यांत बसलेला असावा, आणि घरमालक असलेल्या सदस्याने स्वतःच्या घराच्या वादात बाजूला व्हावे. भाडेकरूंना ग्रामसभेत मत नसले, तरी या एका विषयापुरते त्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. तसे करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

हे ग्रामसभांच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. याच परिसरातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे बांबूच्या विक्रीचा हिशेब स्वतः सांभाळून दाखवला. त्या कामाच्या मानाने वीस-तीस खोल्यांची एक वही ठेवणे हे लहान काम आहे.

नमुन्याचा मसुदा मी तयार केला आहे. जी ग्रामपंचायत मागेल तिला तो विनामूल्य देईन. त्यात गावागावांच्या रितीप्रमाणे बदल करावे लागतील, म्हणून ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला जावा आणि घरमालकांनी व भाडेकरूंनी सुचवलेले फेरफार त्याच बैठकीत लिहून घेतले जावेत. बोलावले तर मी स्वतः येऊन तो वाचून दाखवीन. जूनमध्ये राहायला आलेल्या मुलांचे कागद राहून गेले असतील, तर ते ठरावानंतर पहिल्या महिन्याच्या आत करून घ्यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
तहसील कार्यालयाच्या आवारातील एक अर्जनवीस